चोवीस बाटल्या आणि एक खिडकी

९ जानेवारी

काका,

नमस्कार, आणि लगेच काम. मी कामाशिवाय पत्र लिहीत नाही हा काकूचा आरोप मला मान्य आहे. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि तुम्ही ते कबूल करत नाही, म्हणून लिहिते आहे.

तुम्ही तीस वर्षं सांडपाणी शुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत काढलीत. मला त्या घाणीतलं थोडं ज्ञान उसनं हवं आहे.

या वर्षी आठवी ड माझ्याकडे आहे. चोवीस मुलं. शाळेच्या सभेत ठरलं, की पुढच्या वर्षी नववीत गेल्यावर या तुकडीला विज्ञान शिकवायचं नाही. त्याऐवजी कार्यालयीन कामकाज, म्हणजे फायली लावणं आणि टंकलेखन. आमच्या मुख्याध्यापिका, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात, त्या म्हणाल्या, “ती मुलं काचसामान फोडतात, वही लिहीत नाहीत आणि दहा मिनिटं एका जागी बसत नाहीत.” तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्यामुळेच मला जास्त राग आला असावा. मी बरंच बोलले. शेवटी एवढं पदरात पडलं: चोवीस एप्रिलला शिक्षण समिती शाळा पाहायला येते आहे. तोपर्यंत या तुकडीने एक तरी प्रयोग सुरुवातीपासून शेवटपर्यंत नीट करून दाखवला, तर समिती फेरविचार करील. नाहीतर नववीत विज्ञान गेलं, आणि त्याच्याबरोबर नर्स, तंत्रज्ञ, प्रयोगशाळेतली नोकरी, सगळ्याचीच दारं बंद. चौदाव्या वर्षी.

तुम्ही एकदा सांगितलं होतं, की तळ्याचा चिखल बाटलीत भरून उजेडात ठेवला की काही आठवड्यांनी त्यात रंगांचे पट्टे उठतात आणि ते रंग म्हणजे जिवंत जंतूंच्या वसाहती असतात. ते कसं करायचं, सविस्तर लिहा. काच नको. फोडण्यासारखं काहीच नको.

हे मी मुलांसाठी करते आहे, की सभेत माझं कुणी ऐकलं नाही म्हणून, ते मला अजून नीट ठरवता आलेलं नाही.

तुमची पुतणी

—

१५ जानेवारी

मास्तरीणबाई,

मला ऐकू येतं. लोक पुटपुटतात.

घे लिहून. चिखल तळ्याच्या काठचा, पण पाण्याखालचा, काळा, आणि वास मारणारा. वासाने मुलं पळाली पाहिजेत, तर तो चिखल चांगला. प्लास्टिकच्या पारदर्शक बाटल्या घे, मान कापून टाक. बादलीभर चिखलात वर्तमानपत्राचे बारीक तुकडे, उकडलेल्या अंड्याचा बलक आणि खडूची पूड मिसळ. फळ्यावरच्या खडूत जिप्सम, म्हणजे गंधकाचा एक क्षार असतो, तो आपल्या कामाचा. बाटली पाऊण भर, काडीने टोचून हवेचे बुडबुडे काढ, वर तीन बोटं तळ्याचं पाणी, तोंडाला पातळ प्लास्टिक आणि रबरबँड. खिडकीत ठेव, भर उन्हात नको.

मुलांना असं सांग: बाटली ही एक इमारत आहे. तळमजल्यावर हवा अजिबात नाही, गच्चीवर भरपूर. ज्याला जेवढी हवा सोसते तो त्या मजल्यावर बिऱ्हाड करतो. तळमजल्यावरचे कागद खातात आणि सडक्या अंड्याच्या वासाचा वायू सोडतात. मधल्या मजल्यावर जांभळे आणि हिरवे भाडेकरू येतात, त्यांचं जेवण म्हणजे तो वायू आणि खिडकीतला उजेड. आधी सगळं काळं होईल, घाबरू नका. रंग सहा-सात आठवड्यांनी.

मीही उद्या एक बरणी भरतो. स्वयंपाकघराची खिडकी मोकळी आहे. तुझी काकू म्हणते, खिडकी मोकळी आहे, ती नाही.

शेवटच्या वाक्याबद्दल: कुणासाठी करतेस हे जंतूंना कळत नाही. चिखल आण.

काका

—

२ फेब्रुवारी

काका,

चिखल आणला. चोवीस जानेवारीला बाटल्या भरल्या. शाळेमागच्या तळ्यावर पहिल्या पाच मिनिटांत दोघं गुडघ्यापर्यंत रुतले आणि एकीची चप्पल कायमची गेली. वास इतका सुटला की वर्गात परत आल्यावर शेजारच्या तुकडीने खिडक्या लावून घेतल्या. माझ्या मुलांना याचा फार अभिमान वाटला. आपल्यामुळे कुणी खिडक्या लावल्या असं त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच सन्मानाने घडलं.

दोघांची ओळख करून देते, कारण पुढे त्यांची नावं, म्हणजे टोपणनावं, येत राहतील. एक ‘वकील’. मी काहीही सांगितलं की हा हात वर करून म्हणतो, “पण बाई, समजा...” दुसरी ‘पाटी’. तिचे वडील दुकानांच्या पाट्या रंगवतात आणि तीही सुट्टीच्या दिवशी हाताशी असते, म्हणून ते नाव. बोलते कमी. नखांत कायम कुठला तरी रंग. चोवीस बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या तिने लिहिल्या, अशा सुंदर अक्षरात की वकील म्हणाला, “चिखलाला एवढा मान कशाला?”

नियम दोन. रोज आपल्या बाटलीबद्दल वहीत एक ओळ लिहायची, खरी. आणि दुसऱ्याच्या बाटलीला हात लावायचा नाही. दुसरा नियम एका धक्काबुक्कीनंतर करावा लागला. तो मुलं इतक्या कडकपणे पाळतात की मला आश्चर्य वाटतं.

चिखल काळा पडू लागला आहे. तुम्ही सांगितलं होतं म्हणून घाबरलो नाही.

तुमची पुतणी

—

२४ फेब्रुवारी

बाळ,

तीन आठवडे पत्र नाही, म्हणजे एकतर सगळं फार छान आहे किंवा काहीच घडत नाहीये. तुझा स्वभाव पाहता दुसरं.

माझ्या बरणीत परवा जांभळा डाग उठला, अंगठ्याच्या नखाएवढा. मी तुझ्या काकूला हाक मारून दाखवला. ती म्हणाली, “लग्नाला एवढी वर्षं झाली, इतक्या कौतुकाने मला कधी काही दाखवलं नाहीत.” आता मला दोघींची मर्जी राखायची आहे, तिची आणि बरणीची.

तुझं अडलं असेल तर तीन गोष्टी बघ. बलक घातलास का? खडू घातलास का? बाटल्या एका जागी, उजेडात आहेत का? या तिन्हींत सगळं आलं.

काका

—

३ मार्च

काका,

तुमच्या तिन्ही प्रश्नांचं उत्तर हो. बलक घातला, खडू घातला, बाटल्या खिडकीतच असतात.

पण रंग नाही. वर पाण्यात थोडा हिरवट थर, खाली काळं, बस. वह्यांत रोज एकच ओळ: “बदल नाही.” चोवीस वह्यांत “बदल नाही.” वकिलाने काल विचारलं, “बाई, समजा आजची आणि उद्याची एकदमच लिहून टाकली तर?” मी नाही म्हटलं. त्याने लिहिलं, पण पेन असं दाबून की पान फाटलं.

शिक्षकांच्या खोलीत माझं नाव ‘चिखलवाल्या बाई’ पडलं आहे. गणिताचे सर रोज विचारतात, “उगवलं का?” मी हसते. घरी आल्यावर त्या हसण्याचा मला राग येतो.

पाटी सतरा फेब्रुवारीपासून आजारी आहे, कावीळ. तिची बाटली तिच्यासारखीच गप्प उभी आहे.

समितीला सात आठवडे उरले. आणखी काय करू?

तुमची पुतणी

—

२० मार्च

काका,

हे पत्र एका दमात लिहिते आहे, नाहीतर मी ते सुधारत बसेन आणि सुधारता सुधारता माझी बाजू बरी करून घेईन.

परवा पाटी परत आली. शाळा भरण्याआधीच आली होती आणि एकटीच प्रयोगशाळेत गेली. आम्ही आत शिरलो तेव्हा ती आपली बाटली दोन्ही हातांत धरून उभी होती, आणि बाटलीच्या एका बाजूला, मधोमध, जांभळा डाग होता. हाताच्या पंजाएवढा. खाली हिरवी कड. इतका गडद आणि इतका सुंदर की सगळे दारातच थांबले.

मग वकील म्हणाला, “रंगवलाय.”

लगेच सगळे. “हिच्या घरी डबेच्या डबे असतात.” “कालपर्यंत नव्हता!” “एकटी आत होती!” “आमच्या तेवीस बाटल्या मठ्ठ आणि हिचीच तेवढी हुशार?” पाटी कुणाकडेही बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. आणि मी, काका, सगळ्यांसमोर विचारलं, “तू यात काही घातलंस का?”

तिने बाटली खिडकीत ठेवली, डागाची बाजू काचेकडे करून, जशी आधी होती तशी. मग जागेवर जाऊन बसली. काल शाळेत आली, पण माझ्या तासाला डोकं वर केलं नाही.

बातमी मोठ्या बाईंपर्यंत गेली आहे. त्या म्हणाल्या, “समितीपुढे रंगवलेली बाटली आली तर विज्ञानाचं सोडाच, मी त्या तुकडीला प्रयोगशाळेच्या जिन्यावरही चढू देणार नाही.” त्यांचं चूक आहे असं मी म्हणू शकले नाही, कारण मलाच माहीत नव्हतं.

आता दुसरी गोष्ट, जी मी तुमच्यापासून लपवली. तुम्ही विचारलं होतं, बाटल्या एका जागी, उजेडात आहेत का. मी लिहिलं, खिडकीतच असतात. ते अर्धं खरं होतं. आमच्या प्रयोगशाळेला चांगल्या उजेडाची एकच खिडकी आहे आणि तिच्या कट्ट्यावर सहाच बाटल्या मावतात. कुणावर अन्याय नको म्हणून मी पाळ्या लावल्या. सहा बाटल्या एक दिवस खिडकीत, मग त्या मागच्या अंधाऱ्या फळीवर आणि पुढच्या सहा खिडकीत. प्रत्येकाला चार दिवसांतून एक दिवस उजेड, अगदी सारखा. मुलं रोज आपापली बाटली उचलून नेत, आतला चिखल डुचमळत असे. तक्ता मी स्वतः आखला होता, चार रंगांत. तुमचा प्रश्न वाचला तेव्हाच मनात काहीतरी टोचलं. पण त्या तक्त्यावर माझा इतका जीव होता की मी टोचणीला गप्प केलं.

आणि हे लिहितानाच आत्ता लक्षात येतं आहे. पाटी आजारी पडली तेव्हा तिची बाटली खिडकीत होती. दुसऱ्याच्या बाटलीला हात लावायचा नाही, म्हणून ती कुणी हलवली नाही. बाकीच्यांनी कुरकुरत उरलेल्या पाच जागांवर पाळ्या लावल्या. म्हणजे तिची बाटली महिनाभर एकाच जागी, उजेडात होती. आणि डाग काचेकडच्या बाजूला होता, जो आमच्यापैकी कुणाला दिसलाच नसता.

म्हणजे ती खरी असू शकते. पण ‘असू शकते’ हे मी कुणाला दाखवू? आणि मी तिला विचारलं ते कसं परत घेऊ?

तुमची पुतणी

—

२३ मार्च

बाळ,

तुझं पत्र मी काकूला मोठ्याने वाचून दाखवलं. ‘चार रंगांत’ इथे मी हसलो आणि तिने मला बाहेर काढलं. उरलेलं ओसरीवर वाचलं.

तेवीस बाटल्या सारख्याच उपाशी ठेवल्यास, एवढाच तुझा न्याय. उद्यापासून सगळ्या एका जागी. जागा कशी करायची ते मुलांना विचार, तुला विचारलं तर पुन्हा तक्ता करशील.

आता त्या डागाचं. बाटली उघडू नको, आत काडी घालू नको. काचेवर लिहायचं पेन आण, आणि डागाच्या कडेने बाहेरून रेघ ओढ. तारीख टाक. बाटली होती तशी, त्याच बाजूने, खिडकीत ठेव. रंग असेल तर रेघेच्या आत राहील. जीव असेल तर तो रेघ ओलांडेल. आठ-दहा दिवस.

पण त्याआधी एक गोष्ट. केंद्रात असताना एका वर्षी आमची एक टाकी गुलाबी झाली. साहेबांना वाटलं, मी कुठल्या तरी कारखान्याचं रंगाचं पाणी आत सोडू दिलं. पाळीवरच्या सगळ्यांसमोर विचारलं, “किती मिळाले?” दोन आठवड्यांनी तपासणीत निघालं की ते जंतूच होते. साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली, म्हणाले, “बघा, मी म्हटलंच होतं.” ती थाप मला अजून लागते. निकाल लागल्यावर मागितलेली माफी ही माफी नसते, ती निकालाची पावती असते. तुला मागायची असेल तर रेघ ओढण्याआधी माग, तुलाही काही माहीत नसताना. आणि जिथे विचारलंस तिथेच माग, सगळ्यांसमोर.

काका

—

५ एप्रिल

काका,

पंचवीस मार्चला मी वर्गासमोर उभी राहिले आणि म्हटलं, “मी हिला सगळ्यांसमोर विचारलं ते चुकलं. ही बाटली खरी आहे की नाही मला माहीत नाही. पण विचारायची ती पद्धत नव्हती. मी माफी मागते.” मागच्या फळीवरच्या एका बाटलीतून बुडबुडा सुटला. पाटीने पहिल्यांदाच डोकं वर केलं. ती लगेच काहीतरी बोलेल अशी मी अपेक्षा ठेवली होती, हे मला तेव्हा कळलं, आणि तेही बरं नव्हे.

मग पाळ्यांचं सांगितलं, की रंग न येण्याचं कारण माझा तक्ता असावा. वकील उभाच राहिला. “म्हणजे बाई, दोन महिने आम्ही ‘बदल नाही’ लिहिलं ते तुमच्यामुळे?” मी हो म्हटलं. त्याला इतका आनंद झाला की तो खाली बसायचा विसरला.

रेघेची युक्ती सांगितली. मी पेन पाटीपुढे धरलं. ती म्हणाली, “मी हात नाही लावणार. नंतर म्हणाल मीच वाढवला.” मग वकिलाकडे बघून, “यालाच ओढू दे. यालाच खात्री आहे ना.” वकिलाने रेघ ओढली. तारीख टाकली, तिघांच्या सह्या घेतल्या आणि बाटलीपुढे बाक आडवं लावून टाकलं. “कुणी जवळ जायचं नाही. मी पण नाही.”

जागेचा प्रश्न त्यांनी अर्ध्या तासात सोडवला. चार बाकं खिडकीसमोर जिन्यासारखी एकावर एक रचली, दोरीने बांधली. सगळ्या बाटल्या मावल्या. तेवढ्यात वकिलाचा हात वर. “पण बाई, समजा सगळ्याच उजेडात ठेवल्या आणि सगळ्यांना रंग आला. समिती म्हणेल, इतके दिवस झाले म्हणून आला. उजेडामुळेच आला कशावरून? चार मागेच राहू द्या.” काका, हे मी त्यांना शिकवलं नव्हतं. मी विचारलं, “कोणाच्या चार?” कुणालाच आपली अंधारात ठेवायची नव्हती, दोन महिन्यांनी उजेड मिळत असताना. वकील मागे गेला आणि आपली बाटली फळीवर ठेवून आला. मग आणखी तिघं गेले.

तीन एप्रिलला, नऊ दिवसांनी, बाक बाजूला केलं. वकिलाने बाटली हळूच फिरवली आणि गुडघ्यावर बसून पाहिली. बराच वेळ. मग म्हणाला, “ओलांडली.”

जांभळा दोन ठिकाणी रेघेच्या बाहेर गेला होता, एका बाजूला बोटाच्या पेराएवढा. सगळे एकमेकांच्या अंगावर चढून पाहत होते. वकील उठून पाटीच्या बाकापाशी गेला आणि म्हणाला, “माझं चुकलं. म्हणजे, पुरावा नव्हता.” पाटी म्हणाली, “पुराव्याचं जाऊ दे. चुकलं एवढंच म्हण.” तो म्हणाला, “चुकलं.” ती म्हणाली, “बरं.” आणि मग ती हसली, काका. मी तिला हसताना आधी पाहिलंच नव्हतं.

आता काळजीची गोष्ट. मोठ्या बाई येऊन बाटली पाहून गेल्या. खूश झाल्या. म्हणाल्या, “ही एक मांडा, आणि ज्यांना रंग येईल त्या. काळ्या बाटल्या कपाटात. आणि वह्या नव्याने लिहून घ्या. दोन महिने ‘बदल नाही’ आणि ‘बाईंनी सांगितलं म्हणून बाटली मागे ठेवली’, हे समितीला कशाला?” त्यांचा हेतू वाईट नाही. त्यांनाही मुलांना विज्ञान मिळावं असं आता वाटतं आहे. आणि वह्यांत माझी चूक चोवीस हस्ताक्षरांत लिहिली आहे. मी लगेच नाही म्हणाले नाही. विचार करते म्हणाले. मुलांचं वर्ष पणाला लागलं असताना माझा खरेपणा मिरवावा का? की मुलांच्या वर्षाचं नाव पुढे करून मी स्वतःची चूक कपाटात ठेवते आहे?

तुमची पुतणी

—

१० एप्रिल

बाळ,

चूक मुलांची असती तर वह्या बदलल्या असत्यास का? नसत्या. मग झालं.

सगळ्या मांड. काळ्या सगळ्यांत पुढे. त्यांच्याशिवाय तुझी जांभळी बाटली ही नुसती शोभेची बाटली आहे.

काका

मी काकू लिहिते आहे. यांनी तुझं पत्र शेजारच्या सगळ्यांना वाचून दाखवलं. वकिलाने बाटली मागे ठेवली तिथे यांचा आवाज गेला, म्हणून पुढचं मी वाचलं. आमच्या बरणीत आता तीन रंग आहेत. मी तिला पुसते. त्यांना सांगू नको.

—

२५ एप्रिल

काका, काकू,

काल समिती आली. तिघं होते, दोन गृहस्थ आणि कॉलेजात जीवशास्त्र शिकवणाऱ्या एक बाई. मोठ्या बाईंना मी आदल्या दिवशीच सांगितलं होतं की जुन्याच वह्या आणि चोवीसही बाटल्या मांडणार. त्या म्हणाल्या, “तुमची जबाबदारी.” मी म्हटलं, “हो, माझीच.”

बाकांच्या जिन्यावर वीस बाटल्या. पाटीची सोडून उरलेल्या एकोणिसांपैकी सोळांना रंग आले होते, कुणाला तांबूस, कुणाला हिरवा, कुणाला जांभळा. मध्ये पाटीची, रेघेसकट. आणि सगळ्यांत पुढे, वेगळ्या टेबलावर, चार काळ्या.

दोघा गृहस्थांनी रंग पाहून वा वा केलं. कॉलेजच्या बाई सरळ वह्यांकडे गेल्या. मधलीच एक उचलली. ती वकिलाची निघाली. त्या पानं उलटत राहिल्या. “बदल नाही. बदल नाही. बदल नाही.” फाटलेल्या पानावर थांबल्या.

“कंटाळा नाही आला?”

“खूप आला,” वकील म्हणाला.

“मग काहीतरी वेगळं लिहायचं.”

“पण नव्हता बदल, तर काय लिहिणार?”

बाईंनी वही मिटली नाही. पुढे वाचलं. “इथे लिहिलंय, ‘आज मी एकीवर आरोप केला, कारण डाग सुंदर होता.’ हे निरीक्षण आहे?”

वकिलाचे कान लाल झाले. “त्या दिवशी दुसरं काही घडलं नव्हतं.”

मग त्या काळ्या बाटल्यांपाशी गेल्या. कुणाच्या, विचारलं. चौघं पुढे आले. का मागे ठेवल्या, विचारलं. चौघं एकदम बोलायला लागले. त्यांनी एकेकाला हाताने थांबवून ऐकलं. तळमजल्यावरच्यांपासून गच्चीवरच्यांपर्यंत सगळी इमारत त्यांना ऐकवली गेली. शेवटी त्या म्हणाल्या, “आणि पहिले दोन महिने सगळ्याच पाळीपाळीने अंधारात. ती चूक कोणाची?”

मी म्हटलं, “माझी.”

मोठ्या बाईंनी डोळे मिटले. आणि मग मागून आवाज आला, जो माझ्या तासाला मी आठवड्यातून एकदा ऐकत असेन. पाटी उभी होती. “बाईंनी पाळ्या लावल्या नसत्या, तर माझी बाटली एकटीच वेगळी कशी निघाली असती? सगळ्यांचीच रंगीत झाली असती. आम्ही म्हटलं असतं छान आहे, आणि घरी गेलो असतो. का छान आहे ते कुणी विचारलं नसतं.”

कॉलेजच्या बाई शेजारच्या गृहस्थांना म्हणाल्या, अगदी साध्या आवाजात, “माझ्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गात हे वाक्य मला अजून कुणी ऐकवलेलं नाही.”

जाताना त्यांनी विचारलं, “पुढच्या महिन्यात या बाटल्यांत काय होईल?” चोवीस जणांनी एकदम वेगवेगळी उत्तरं दिली आणि आपसांत जे भांडण लागलं, ते समिती जिना उतरून गेल्यावरही चालू होतं. मोठ्या बाई दारात थांबल्या होत्या. मी म्हटलं, “दहा मिनिटं एका जागी बसत नाहीत.” त्या म्हणाल्या, “नाही ना. दीड तास उभी होती.” आणि हसत निघून गेल्या.

निर्णय आठवड्याभरात कळवणार आहेत. काल मला झोप लागली. हे मुद्दाम कळवते.

तुमची पुतणी

—

२ मे

काका, काकू,

आज दुपारी सूचनाफलकावर कागद लागला. मी वर्गात होते, मला ओरडणं आधी ऐकू आलं. बाहेर गेले तर वकील बाकावर चढून उभा होता, हातात तो कागद. फलकावरून काढलेला, अर्थातच न विचारता. बाकी सगळे खाली गर्दी करून. तो निकालपत्र वाचावं तसा वाचत होता: “नववी ड. विषय, विज्ञान, प्रयोगासह.” मग म्हणाला, “पुन्हा वाचू?” सगळे म्हणाले, “वाच!” त्याने पुन्हा वाचलं.

खाली चोवीस नावं होती. कुणीतरी म्हणालं, “नावं पण वाच, कुणाचं राहिलं तर?” वकिलाने एकेक नाव वाचायला घेतलं. पहिलीने सवयीने “हजर” म्हटलं. सगळे हसले, आणि मग दुसऱ्यानेही म्हटलं, तिसऱ्यानेही. चपलेवाली हजर. मागे बाटली ठेवणारे तिघं हजर. पाटीचं नाव आलं तेव्हा ती इतक्या मोठ्याने “हजर” म्हणाली की शेजारच्या तुकडीचं दार उघडलं. वकिलाने स्वतःचं नाव वाचलं, स्वतःच उत्तर दिलं.

मी भिंतीला टेकून उभी होते. या दिवसात माझा वाटा किती आणि माझ्या चुकीचा किती, असा माझा नेहमीचा हिशेब मनात सुरू होणार होता, तेवढ्यात वकिलाने कागद उलटा केला आणि म्हणाला, “थांबा, शेवटी एक ओळ राहिली. विषयशिक्षिका.” आणि त्याने माझं नाव वाचलं. पूर्ण नाव, जे शाळेत कुणी घेत नाही.

चोवीस तोंडं माझ्याकडे वळली आणि वाट पाहत राहिली.

मी भिंतीपासून सरळ झाले, काका, आणि म्हटलं.

“हजर.”